मोरचूद नेमकं किती अंशांना पाणी सोडतं?

एमएस्सी करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: "प्रोजेक्टसाठी मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेटचं टीजीए दोन ठिकाणी करून घेतलं. एकूण वजनघट दोन्हीकडे 36 टक्के, म्हणजे बरोबर आली. पण पायऱ्यांची तापमानं जुळत नाहीत, वीस-पंचवीस अंशांचा फरक पडतो, आणि पुस्तकातलं तापमान तर तिसरंच आहे. शिवाय डीएससीत तीन पीक यायला हवीत, तिथं चार आली. यातली कोणती लॅब चुकली? आणि तुरटी तापवली की वितळते, मोरचूद तसं वितळत नाही, ते का?"

दोन्ही लॅब बरोबर आहेत. (टीजीए म्हणजे नमुना तापवत नेऊन त्याचं घटणारं वजन मोजणं. डीएससी म्हणजे तापवताना तो किती उष्णता घेतो किंवा सोडतो ते मोजणं, आणि पीक म्हणजे त्या आलेखातला उंचवटा.) मी सव्वीस वर्षं थर्मल अ‍ॅनालिसिसच्या यंत्रांवर काम करते, त्यातली पहिली काही वर्षं सिमेंटच्या कारखान्यात गेली, आणि हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी घेऊन येतं. घोळ तुमच्या आलेखात नाही. पाणी जाण्याचं तापमान हा त्या मिठाचा, वितळणबिंदूसारखा, ठरलेला गुण आहे असं आपण धरून चालतो, घोळ तिथं आहे. ते तापमान मिठाचं एकट्याचं नसतं. मीठ आणि त्याच्या भोवतालची वाफ या दोघांत मिळून ते ठरतं.

आधी वजनाचा हिशेब, कारण तो पक्का आहे आणि सगळं त्यावर उभं आहे. पेंटाहायड्रेटचं रेणुभार 249.68, त्यात पाण्याचे पाच रेणू म्हणजे 90.08. भागाकार केला की 36.08 टक्के येतात. टीजीएमध्ये हे पाणी दोन, दोन आणि एक असं तीन हप्त्यांत जातं: 14.43, पुन्हा 14.43 आणि शेवटी 7.21 टक्के. पहिले दोन हप्ते साधारणपणे 50 ते 125 अंशांच्या दरम्यान, एकमेकांना अगदी खेटून. मग बराच वेळ रेघ सपाट राहते आणि शेवटचा रेणू 200च्या पुढं सुटतो. या टक्केवारीला भोवतालच्या हवेशी देणंघेणं नाही. ती चुकली तर एक तर नमुना भिजलेला आहे, नाही तर आधीच फुटून, म्हणजे पाणी सोडून, पांढुरका झालेला आहे. तुमची ती बरोबर आली, म्हणजे नमुना चांगला होता.

आता पाणी जातं म्हणजे काय होतं ते पाहू. ओला सदरा दोरीवर टाकला आणि वाळला, तरी सदरा सदराच राहतो. स्फटिकजल तसं नसतं. मोरचुदाच्या निळ्या खड्यात पाणी हे भिंतीतल्या विटांसारखं आहे. प्रत्येक तांब्याच्या आयनाभोवती चौकोनात पाण्याचे चार रेणू, वर-खाली सल्फेटचा एकेक ऑक्सिजन, आणि पाचवा रेणू तांब्याला न चिकटता हायड्रोजन बंधांनी शेजाऱ्यांना धरून बसलेला. यातल्या दोन विटा काढल्या की उरलेली भिंत तशीच उभी राहू शकत नाही. सगळे आयन सरकून नवी रचना करतात. तिला आपण ट्रायहायड्रेट म्हणतो. त्यातून पुन्हा दोन गेले की तिसरी रचना, मोनोहायड्रेट. शेवटचा गेला की चौथी. चार वेगळे पदार्थ, आणि स्फटिकाची रचना ओळखायला काढतात ते क्ष-किरण आलेखही चार वेगळे.

म्हणूनच कॉलेजात सांगतात ते "पाचवा रेणू वेगळ्या जागी बसलेला असतो, म्हणून तोच शेवटी जातो" हे वाक्य मला खटकतं. लक्षात ठेवायला सोपं आहे, पण ते भिंत न हलता विटा निघतात असं सुचवतं. मोनोहायड्रेटची रचना तपासली तर उरलेला एकुलता एक पाण्याचा रेणू दोन तांब्यांच्या मध्ये पुलासारखा, दोघांनाही धरून बसलेला दिसतो. पेंटाहायड्रेटमधला तो पाचवा रेणू तर तांब्याला चिकटलेलाच नव्हता! शेवटी उरणारं पाणी हे नव्या घरातलं नव्या जागेवरचं पाणी आहे, आणि दोन धातूंनी धरलंय म्हणून ते 200च्या पुढं टिकतं. तोंडी परीक्षेत कुणी विचारलं तर हे सांगा.

आता तापमानाकडे येते. एका बंद भांड्यात मोरचूद आणि त्यातून निघालेलं ट्रायहायड्रेट एकत्र ठेवा आणि भांडं 50 अंशांवर धरा. आतल्या वाफेचा दाब वाढत वाढत 47 मिलिमीटर पाऱ्यावर येऊन थांबतो आणि तिथंच राहतो, खडे पाच ग्रॅम असोत की पन्नास. ट्राय आणि मोनो एकत्र असतील तर तो 30वर थांबतो, मोनो आणि निर्जल मीठ असेल तर 4.5वर. त्याच तापमानाला साध्या पाण्याचा बाष्पदाब 92.5 असतो. हा गिब्जचा फेज रूल आहे: घटक दोन (मीठ आणि पाणी), फेज तीन (दोन घन आणि एक वाफ), म्हणून मोकळीक एकाच गोष्टीची. तापमान तुम्ही ठरवलं की दाब आपोआप ठरतो. दाब तुम्ही ठरवलात तर तापमान ठरतं. दोन्ही एकदम हातात नसतात.

म्हणजे "मोरचूद किती अंशांना पाणी सोडतं" या प्रश्नाला अर्थ यायचा तर "भोवती किती वाफ असताना" हेही विचारायला हवं. भोवतालच्या वाफेचा दाब 47च्या खाली असेल तर 50 अंशांवरही मोरचूद ट्रायहायड्रेट व्हायला मोकळं आहे. वर असेल तर ते पाणी सोडणार नाही, उलट ट्रायहायड्रेटच पाणी ओढून निळं होईल.

हे समजायला यंत्राचीसुद्धा गरज नाही. धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेटचं डेकाहायड्रेट, मे महिन्यात नागपुरात उघडा ठेवा. काचेसारखे खडे एक-दोन दिवसांत पिठाळ होतात, कारण हवा कोरडी आहे. तेच खडे जुलैत रत्नागिरीला ठेवले तर शाबूत राहतात, जास्तच दमट असेल तर ओलसर होतात. ग्लाउबर मीठ, म्हणजे सोडियम सल्फेटचं डेकाहायड्रेट, याहून हळवं. 25 अंशांना त्याचा स्वतःचा बाष्पदाब साधारण 19 मिलिमीटर आहे आणि हवेत पाण्याची जास्तीत जास्त वाफ मावते 23.8 मिलिमीटर. म्हणजे सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांच्या खाली आली की ते फुटायला लागणार. इथं तापवण्याचा प्रश्नच नाही. दोन्ही ठिकाणी मीठ तेच आहे, निकाल भोवतालच्या हवेनं दिला.

मग तुमच्या दोन लॅबमध्ये काय झालं? तुम्ही पाठवलेल्या तपशिलात एकीकडे 5 मिलिग्रॅम नमुना, उघडी पॅन (नमुना ठेवायची चिमुकली वाटी), तापवण्याचा वेग मिनिटाला 5 अंश. दुसरीकडे 20 मिलिग्रॅम, पॅनवर भोक पाडलेलं झाकण, मिनिटाला 20 अंश. सगळं उत्तर या दोन ओळींत आहे. हिशेब करून पाहा. 10 मिलिग्रॅम मोरचुदात 3.6 मिलिग्रॅम पाणी असतं. 100 अंशांना त्याची वाफ जवळजवळ 6 मिलिलिटर होते. आणि डीएससीची नेहमीची अ‍ॅल्युमिनियमची पॅन असते 40 मायक्रोलिटरची, म्हणजे वाफ पॅनच्या दीडशे पट. झाकण असेल तर ती सगळी वाफ एका बारीक भोकातून बाहेर पडायची आहे. बाहेर नायट्रोजन कितीही कोरडा सोडला तरी खड्यांच्या अंगाला लागून जवळजवळ निखळ वाफच असते. स्वतःच्याच वाफेत कोंडलेलं मीठ उशिरा, जास्त तापमानाला फुटतं. उघड्या पॅनमध्ये वाफ लगेच वाहून जाते, तिथं ते लवकर फुटतं. त्यात भर म्हणजे तापवण्याचा वेग: मिनिटाला 20 अंश चढवले तर मीठ पाणी सोडायला वेळ घेतं तोवर थर्मामीटर पुढं निघून गेलेला असतो. शिवाय पाणी सोडताना मीठ भरपूर उष्णता खातं आणि मोठा नमुना स्वतःच स्वतःला थंड ठेवतो.

किती उष्णता, तेही सांगते. मोरचुदाचे पाचही रेणू वाफ करून काढायला 25 अंशांच्या आकड्यांवरून जवळपास 299 किलोजूल प्रति मोल लागतात, म्हणजे एका रेणूमागं साधारण 60. साध्या पाण्याची वाफ करायला 44 लागतात. वरचे 16 हे त्या भिंतीतून वीट उपटण्याचे. काही प्रबंधांत एका रेणूमागं 30 किलोजूल असे आकडे दिसतात, तेव्हा मला लगेच कळतं की बेसलाइन, म्हणजे पीक जिच्यापासून मोजतात ती रेघ, चुकीची ओढली आहे. पाण्याला स्फटिकातून उठवायला नुसत्या उकळण्यापेक्षा कमी उष्णता कशी लागेल?

आता चौथं पीक. ते झाकणवाल्या लॅबच्या आलेखातच आलंय, बरोबर? उघड्या पॅनमध्ये पाणी स्फटिकातून थेट वाफ होऊन जातं. कोंडलेल्या पॅनमध्ये त्याला तशी वाट मिळत नाही. मोरचूद स्वतःच्या संपृक्त द्रावणाच्या संगतीत असेल तर साधारण 96 अंशांना ते ट्रायहायड्रेट आणि द्रव अशा दोन वाटांनी फुटतं. म्हणजे पॅनमध्ये खरोखरचं पाणी तयार होतं, मीठ विरघळलेलं. हे फुटणं हे एक पीक, आणि त्या वेळी वजन फारसं घटत नाही. मग ते द्रव उकळून जातं, ते दुसरं पीक, आणि वजन तेव्हा घटतं. उघड्या पॅनमध्ये जी एक घटना होती तिच्या झाकणाखाली दोन झाल्या. टीजीए आणि डीएससीचे आलेख एकाखाली एक ठेवा आणि पट्टी धरा. पीक आहे पण वजन ढळत नाही, तिथं काही तरी वितळतंय किंवा रचना बदलतेय. पीकही आहे आणि वजनही पडतंय, तिथं पाणी बाहेर निघतंय. नुसतं डीएससी पाहून "पाणी गेलं" असं लिहिणं मला कधीच मान्य होत नाही.

यातूनच तुरटीचं उत्तर निघतं, आणि ते आकड्यांतच पाहण्यासारखं आहे. तुरटीत पाण्याचे बारा रेणू, वजनानं 45.6 टक्के. तिच्यातलं सगळं पाणी सुटलं असं धरलं तर दर 100 ग्रॅम पाण्यामागं निर्जल मीठ येतं सुमारे 119 ग्रॅम. आता विद्राव्यता पाहा: 20 अंशांना 100 ग्रॅम पाण्यात जेमतेम 6 ग्रॅम विरघळतं, 60 अंशांना 25 आणि 90 अंशांना 109. दोन रेषा 92 अंशांच्या आसपास भेटतात, आणि तुरटी बरोबर तिथंच स्वतःच्या पाण्यात विरघळून द्रव होते. आपण त्याला वितळणं म्हणतो. मोरचुदाचं तसं जुळत नाही. त्याच्यातल्या 100 ग्रॅम पाण्यामागं मीठ आहे 177 ग्रॅम, आणि 100 अंशांनाही पाण्यात विरघळतं साधारण 75. निम्म्याहून जास्त मीठ घनच राहणार. कोंडून तापवलं तर ओलसर लगदा होईल, उघडं तापवलं तर तोही नाही.

आपल्या घरातल्या आज्यांना हे आकडे माहीत नव्हते, पण घटना नीट माहीत होती. तव्यावर तुरटीचा खडा ठेवला की आधी पाणी पाणी होतो, बुडबुडे येतात, मग घट्ट होत होत पांढरा फुलोरा उभा राहतो. तिला तुरटीची लाही म्हणतात. टाकणखाराची, म्हणजे बोरॅक्सची, लाहीही अशीच. हा "लाही" शब्द फार अचूक आहे. पाण्याची वाफ चिकट होत चाललेल्या वस्तुमानात अडकते आणि त्याला फुगवते, अगदी ज्वारीच्या दाण्यासारखं. मोरचुदाची लाही होत नाही, कारण वाफ अडकवायला तिथं चिकट द्रवच नसतो. टाकणखारात आणखी एक गंमत आहे. बाटलीवर दहा पाणी लिहिलेलं असतं, पण रचनेत खरे पाण्याचे रेणू आठच आहेत. उरलेल्या दोघांचा ऑक्सिजन आणि हायड्रोजन बोरॉनला चिकटलेल्या चार हायड्रॉक्सिल गटांत आहे. आठ सहज निघतात, उरलेलं पाणी काढायला बोरेटचा सांगाडाच मोडावा लागतो. टीजीएमध्ये शेवटची रेघ लांबत जाते ती म्हणून.

ग्लाउबर मिठाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण फेज बदलाचं इतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही. 32.4 अंशांना ते वितळतं असं लिहिलेलं सापडतं. खरं तर ते अर्धवट वितळतं. त्याच्या 100 ग्रॅम पाण्यामागं 79 ग्रॅम मीठ आहे आणि त्या तापमानाला विरघळतं सुमारे 50. उरलेलं निर्जल मीठ पांढऱ्या गाळासारखं तळाशी बसतं, दर 100 ग्रॅम मिठामागं 15-16 ग्रॅम. 1948 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर गावी शास्त्रज्ञ मारिया टेल्केस यांनी सूर्याच्या उष्णतेवर चालणारं घर उभं केलं, वास्तुरचना एलिनॉर रेमंड यांची. दिवसा उन्हानं हे मीठ वितळवायचं, रात्री ते गोठताना उष्णता परत घ्यायची, अशी योजना. कल्पना उत्तम होती: एक किलो मीठ वितळताना साधारण 250 किलोजूल साठवतं. पहिले हिवाळे चांगले गेले. पण दर फेरीला थोडा गाळ तळाशी बसायचा, वर पातळ द्रावण राहायचं, आणि थंड होताना दोघांची नीट गाठ पडायची नाही. गाळाच्या वरच्या थराचंच डेकाहायड्रेट व्हायचं आणि तो थर खालच्याला झाकून टाकायचा. तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत साठवण मंदावली. टेल्केस यांनी पुढं गोठण्याची सुरुवात व्हावी म्हणून त्यात थोडा टाकणखार घालण्याचा मार्ग काढला. आज उष्णता साठवणाऱ्या हायड्रेट मिठांवर काम करणारा प्रत्येक जण गाळ खाली बसू न देण्याचाच विचार करत असतो. हात शेकायच्या पिशवीतलं सोडियम असिटेट ट्रायहायड्रेट 58 अंशांना वितळतं, त्याचा त्रास कमी आहे, म्हणून ते घरोघरी पोचलं.

आता माझ्या स्वतःच्या हातून गेलेलं एक प्रकरण. कारखान्यातल्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, एका बांधकामावरून तक्रार आली की सिमेंट कालवलं की चार मिनिटांत घट्ट होतं. आमच्या प्रयोगशाळेत कालवून पाहिलं, तसंच. पण फोरमननं तोच घट्ट गोळा पाणी न घालता पुन्हा रगडला आणि तो मऊ झाला, नंतर ठरल्या वेळेला नीट आवळला. सिमेंट खरोखरच लवकर आवळलं असतं तर रगडून मऊ झालं नसतं. याला फॉल्स सेट म्हणतात, आणि संशय लगेच जिप्समवर गेला.

सिमेंट दळताना क्लिंकरमध्ये, म्हणजे भट्टीतून निघालेल्या सिमेंटच्या खड्यांमध्ये, थोडं जिप्सम घालतात. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेटचं डायहायड्रेट, त्यात 20.9 टक्के पाणी. तापलं की आधी दीड रेणू जातो आणि अर्ध्या पाण्याचं हेमीहायड्रेट उरतं. हेच प्लॅस्टर ऑफ पॅरिस, पेणच्या कारखान्यांत साच्यात ओततात ते. त्याला पाणी लागलं की ते पुन्हा जिप्सम होतं, सुयांसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि घट्टपणा येतो. 100 ग्रॅम प्लॅस्टरला रासायनिक गरज फक्त 18.6 ग्रॅम पाण्याची असते, बाकीचं पाणी ओतता यावं म्हणून. आमच्या सिमेंटमध्ये नेमकं हेच होत होतं. मिलमध्येच जिप्समचं प्लॅस्टर झालं होतं आणि कालवताना ते आवळत होतं.

पण सिद्ध कसं करायचं? सिमेंटमध्ये जिप्सम पाचेक टक्के, त्यातलं पाणी म्हणजे एकूण वजनाच्या एक टक्का. उघड्या पॅनमध्ये डीएससी केलं तर जिप्समचे दोन्ही टप्पे एकात एक मिसळून एकच पसरट पीक येतं, आणि मूळचं हेमीहायड्रेट त्यात बेपत्ता. मग आमच्या वरिष्ठ बाईंनी झाकणाला सुईनं बारीक भोक पाडलं, पॅन दाबून बंद केली आणि पुन्हा लावली. मला ती दुपार अजून आठवते. कोंडलेल्या वाफेत पहिला टप्पा 150च्या आसपास आणि दुसरा 190च्या पुढं, असे दोन स्वच्छ डोंगर वेगळे झाले. नमुन्यात फक्त जिप्सम असेल तर पहिल्या टप्प्यात दीड रेणू आणि दुसऱ्यात अर्धा, म्हणजे पाण्याचा हिशेब तीनास एक यायला हवा. आमच्या आलेखात पहिला डोंगर जेमतेम टेकडी होती आणि दुसरा ठसठशीत. जिप्समचं पाणी आधीच कुठे तरी निघून गेलं होतं. मिलमधून बाहेर पडणारं सिमेंट मोजलं तर 130 अंश. क्लिंकर गरम गरमच मिलमध्ये येत होता, त्यात उन्हाळा. मिलमध्ये पाण्याचा फवारा वाढवून तापमान 110च्या खाली आणलं आणि तक्रार थांबली. तुमच्या दुसऱ्या लॅबनं झाकण लावलं म्हणून तुम्ही वैतागला आहात, पण त्याच झाकणानं आम्हाला वाचवलं. वाफ कोंडणं ही चूक नसते, ती जाणूनबुजून वापरायची सोय आहे.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या उलट वाटेल, आणि ती सांगितल्याशिवाय उत्तर अपुरं राहील. वाफ जितकी कमी तितकं पाणी लवकर जातं, असं आतापर्यंत म्हटलं. मग पूर्ण निर्वातात सगळ्यात लवकर जायला हवं. तसं दर वेळी होत नाही. 1930च्या दशकात टॉपली आणि स्मिथ या रसायनशास्त्रज्ञांनी मॅंगनीज ऑक्झलेटच्या डायहायड्रेटवर मोजून दाखवलं की निर्वातातून सुरुवात करून थोडी थोडी वाफ वाढवत नेली, तर वेग आधी पडतो, मग पुन्हा चढतो, आणि मग शेवटी पडतो. मोरचुदातही असा प्रकार दिसतो. कारण असं की निर्वातात पाणी उपटून निघतं तेव्हा मागं राहिलेल्या आयनांना नवी रचना बांधता येत नाही. उरतो तो क्ष-किरणांना काहीच न दाखवणारा विस्कळीत पदार्थ, त्याचा थर आतल्या पाण्याची वाट अडवतो. थोडी वाफ असेल तर ती आयनांना सरकायला मदत करते, नवे स्फटिक बांधले जातात, त्यांच्यात भेगा पडतात आणि त्या भेगांतून पाणी निघतं. म्हणून निर्वातात वाळवलेल्या मिठाचा क्ष-किरण आलेख सपाट आला तर नमुना खराब आहे असं समजू नका. पुढं तापवताना तो विस्कळीत पदार्थ स्फटिक झाला तर डीएससीत उष्णता बाहेर टाकणारं उलटं पीकही येतं.

सुरुवात कुठून होते, हेही डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे. मोरचुदाचा एक चांगला, अखंड खडा घ्या, एका बाजूवर टाचणीनं ओरखडा काढा आणि भिंगाखाली हळूहळू तापवा. पांढरट ठिपके आधी ओरखड्यावर उमटतात, मग तिथून पसरतात. बाकीचा पृष्ठभाग बराच वेळ निळाच राहतो. फॅराडेनं एकोणिसाव्या शतकात हीच गोष्ट उघड्यावर फुटणाऱ्या मिठांबद्दल नोंदवली होती: अखंड खडे टिकतात, ओरखडलेले तिथूनच फुटायला लागतात. खलात कुटलेला नमुना आणि मोठे खडे यांची तापमानं वेगळी येतात ती याचमुळे. तुमच्या दोन्ही लॅबनं नमुना सारखाच कुटला होता का, हे विचारून घ्या.

अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे प्रक्रिया सुरू व्हायला लागणारी किमान ऊर्जा, काढायचा विचार असेल तर एका आलेखावरून कोट्स-रेडफर्नची पद्धत लावून आकडा छापू नका. एकाच आलेखात जवळजवळ कुठलंही मॉडेल सरळ रेषेत बसवता येतं. थर्मल अ‍ॅनालिसिसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, इक्टॅकच्या, समितीनं 2011 साली तापवण्याचे अनेक वेग वापरण्याची शिफारस स्पष्ट केली आहे. आणि वाफेचा दाब सांभाळला नसेल तर चार वेग घेऊनही मिळणारा आकडा त्या पॅनचा असतो, मोरचुदाचा नव्हे.

अजून एक सावधगिरी, पुढं दुसरी मिठं घ्याल म्हणून. वजन घटलं म्हणजे पाणीच गेलं असं नसतं. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट तापवलं तर शेवटच्या टप्प्यांत पाण्याबरोबर हायड्रोजन क्लोराइडही निघतो आणि हातात निर्जल क्लोराइड न येता ऑक्सिक्लोराइड आणि ऑक्साइड येतं. तो वायू यंत्राच्या तराजूलाही खातो. मोरचुदात ही भीती नाही, निर्जल कॉपर सल्फेट 600च्या आसपासपर्यंत टिकतं. त्यापुढं गेलात तर सल्फर ऑक्साइड निघून काळं कॉपर ऑक्साइड उरेल, म्हणून 300ला थांबा.

यंत्राची खात्री करायची असेल तर कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट लावा. त्याच्या तीन वजनघटी 12.3, 19.2 आणि 30.1 टक्के ठरलेल्या आहेत: पाणी, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड. वजन बरोबर आलं की तराजू बरोबर. तापमानाची खात्री मात्र यावर करू नका, तीही परिस्थितीनुसार सरकतात. तापमानासाठी इंडियमसारख्या धातूचा वितळणबिंदू घ्या, 156.6 अंश, त्याला वाफेशी देणंघेणं नाही.

आणि पावसाळ्यात काम करत असाल तर निर्जल झालेला पांढरा नमुना यंत्रातून काढून टेबलावर ठेवू नका. मुंबईच्या जुलैच्या हवेत तो तुमच्या डोळ्यांदेखत फिका निळा व्हायला लागतो, आणि क्ष-किरणांसाठी नेईपर्यंत तुम्ही भलत्याच फेजचा आलेख घेऊन याल. पॅनसकट डेसिकेटरमध्ये (कोरडी हवा राखणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, आणि शक्य असेल तर गरम स्टेजवरच क्ष-किरण घ्या.

प्रोजेक्टमध्ये तापमान लिहाल तेव्हा त्याच ओळीत नमुन्याचं वजन, कण किती बारीक, पॅन उघडी की भोकवाल्या झाकणाची, कोणता वायू किती वेगानं आणि तापवण्याचा वेग, हे सगळं लिहा. तुमच्याकडे 5 मिलिग्रॅम उघड्या पॅनचा आणि 20 मिलिग्रॅम झाकणाचा असे दोन आलेख आयते आहेत. मध्ये एक तिसरा घ्या: 5 मिलिग्रॅम, झाकण लावून, मिनिटाला 5 अंश. मग तीनही एकावर एक ठेवून छापा. कोणता फरक झाकणामुळे आला आणि कोणता वजन आणि वेगामुळे, ते त्यात वेगळं दिसेल.